मोबाइल गेम उतरवण्याआधी तळाची ओळ वाचा

प्रति,
संपादक महोदय,

विषय : सुट्टीनिमित्त छापल्या जाणाऱ्या मोबाइल गेमच्या याद्या

सुट्ट्या लागल्या की पुरवण्यांमधून 'हे गेम खेळून पाहाच' अशा याद्या येतात. यादीत गेमचं नाव, एक रंगीत चित्र, डाउनलोड किती कोटी आणि स्टार किती, एवढंच असतं. डाउनलोडच्या आकड्यावरून फार तर जाहिरातीवर किती पैसा ओतला याचा अंदाज येतो. स्टारचं गणित त्याहून गमतीचं आहे. तुम्ही लेव्हल जिंकता, पडद्यावर फटाके फुटतात, नाण्यांचा पाऊस पडतो आणि नेमक्या त्याच क्षणी 'आवडला का? रेटिंग द्या' अशी चौकट पुढे येते. हरल्यावर ती सहसा येत नाही. अशा रीतीने गोळा केलेल्या ४.६ स्टारवरून गेमबद्दल काहीच ठरवता येत नाही.

खेळण्याजोगा गेम निवडायचा तर आधी एक प्रश्न विचारावा : हा गेम पैसे कशातून कमावतो? चित्रं, आवाज, गोष्ट हे सगळं नंतर, कारण गेमची रचनाच या उत्तरावर बेतलेली असते. एकदाच किंमत घेऊन विकलेल्या गेमला तुम्हाला अडवून धरण्यात काही रस नसतो. जाहिरातींवर चालणाऱ्या गेमला दर मिनिट-दोन मिनिटांनी एक खंड हवा असतो, म्हणून त्याच्या लेव्हल तेवढ्याच छोट्या असतात. आणि नाणी-हिरे विकणाऱ्या गेमला तुम्ही कुठेतरी अडलेलेच हवे असता. 'फुकट ते पौष्टिक' हे इथे लागू पडत नाही.

उत्तर शोधायला दोन मिनिटं पुरतात. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की यात जाहिराती आहेत, यात अ‍ॅपमधली खरेदी आहे. दोन्ही नसतील तर गेम विकतचा आहे, किंवा कुणीतरी हौसेने बनवून वाटलेला आहे, किंवा एखाद्या वर्गणीतला आहे. खरेदी आहे असं दिसलं तर 'या गेमविषयी' हा भाग उघडा आणि पार तळाशी जा. तिथे अपडेटची तारीख आणि आकार यांच्या जोडीला एक ओळ असते : प्रत्येक वस्तूची किंमत अमुक रुपयांपासून तमुक रुपयांपर्यंत. अख्ख्या पानावरची सर्वांत प्रामाणिक ओळ हीच. तिथे एकच आकडा असेल, समजा दीडशे-दोनशे रुपये, तर ते बहुधा जाहिराती काढण्याचे किंवा पूर्ण गेम उघडण्याचे पैसे असतात. एकदा भरले की विषय मिटला. ओळ दहा-वीस रुपयांपासून निघून आठ-दहा हजारांपर्यंत जात असेल तर मात्र सावध व्हावं. तो वरचा आकडा कुणीतरी भरतं, म्हणूनच तो तिथे आहे. असे गेम मोजक्या मोठ्या गिऱ्हाइकांवर चालतात. बाकीच्यांना फुकट खेळू दिलं जातं, कारण त्या गिऱ्हाइकांना जिंकायला समोर हरणारं कुणीतरी लागतंच.

आणखी एक युक्ती अँड्रॉइडवाल्यांसाठी. तोच गेम अ‍ॅपल अ‍ॅप स्टोअरवर असेल तर त्याचं पान ब्राउझरमध्ये उघडून पाहा. तिथे आतल्या खरेदीची नावं किमतीसह दिलेली असतात. 'जाहिराती काढा' किंवा 'पुढचा भाग' अशी नावं दिसली तर ठीक. 'मूठभर हिरे', 'पोतंभर हिरे', 'मासिक पास' अशी रांग दिसली तर पुढे काय वाढून ठेवलंय ते खेळायच्या आधीच कळतं.

रिव्ह्यू वाचायचे तर सरासरी सोडून द्या आणि क्रम 'नवीन आधी' असा लावा. एक स्टारवाले बहुतेकदा चिडलेले असतात, पाचवाले एका शब्दात आटोपतात. दोन आणि तीन स्टारवाल्यांना गेम आवडलेला असतो, पण काहीतरी खटकलेलं असतं, आणि ते नेमकं काय हे तेच लिहितात. 'अमुक लेव्हलनंतर पैसे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही', 'अपडेटनंतर जाहिराती दुप्पट झाल्या' ही वाक्यं तिथेच सापडतात. शेवटच्या अपडेटची तारीखही पाहा. चार-पाच वर्षं हात न लावलेला गेम नव्या फोनवर बंद पडतो किंवा स्टोअरमध्ये दिसतच नाही. आयफोनवर तर २०१७ च्या आयओएस ११ पासून जुने ३२ बिट (म्हणजे जुन्या चिपसाठी बनवलेले) गेम चालेनासे झाले.

दुसऱ्या अ‍ॅपमध्ये किंवा व्हिडिओच्या मध्ये दिसलेल्या गेमच्या जाहिरातीवर तर मुळीच जाऊ नका. सुई ओढून राजाला वाचवायचं, लाव्हा थांबवायचा असं काहीतरी त्यात दाखवतात आणि उतरवल्यावर निघतं तीन सारखे रंग जुळवायचं कोडं. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' या गेमच्या दोन जाहिराती याच कारणावरून दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या होत्या. जाहिरातीतला मुद्दाम चुकणारा हातही ठरवूनच चुकवलेला असतो. 'मी असतो तर जिंकलो असतो' असं आपल्याला वाटावं म्हणून.

आता 'फ्री' गेमच्या आत काय चालतं ते. पहिला तास मधाचं बोट असतं : भरपूर बक्षिसं, सोप्या लेव्हल, रोज हजेरी लावल्याची भेट. खरा गेम त्यानंतर सुरू होतो. कँडी क्रश सागात पाच जीव मिळतात आणि गेलेला एक जीव परत यायला ३० मिनिटं लागतात, म्हणजे पाचही गेले तर अडीच तास. या अडीच तासांत तीन वाटा असतात : थांबा, मित्रांना विनंती पाठवा किंवा पैसे भरा. थांबणं जमत असेल तर असा गेम निर्धास्त खेळावा. उलट ही सक्तीची सुट्टी बरीच म्हणायची. ज्यांना ती जमत नाही त्यांनी लांब राहावं.

नाण्यांचा हिशेब जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. हवी ती वस्तू १२० हिऱ्यांना आणि पाकीट मिळतं १०० चं किंवा २५० चं. शंभरचं पुरत नाही, अडीचशेचं घेतलं तर १३० उरतात आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा दुकानात पाय वळतो. रुपयांचं हिऱ्यांत, हिऱ्यांचं नाण्यांत आणि नाण्यांचं चाव्यांत रूपांतर करण्यामागेही हेच गणित आहे. एक चावी किती रुपयांना पडली, हे पटकन सांगता येऊ नये. गेमच्या आत दोनपेक्षा जास्त चलनं दिसली की कागदावर एकदा रुपयांत भाव काढावा. तेवढ्याने बऱ्याच जणांचा उत्साह ओसरतो.

सर्वांत महागडा प्रकार म्हणजे बंद पेट्या. पेटी उघडायची आणि नशिबात असेल ते घ्यायचं, जत्रेतल्या रिंग टाकण्याच्या खेळासारखं. दोन्ही मोठ्या स्टोअरच्या नियमांनुसार अशा पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे विकण्याआधी सांगावं लागतं. अ‍ॅपलने हा नियम २०१७ च्या अखेरीस आणला, गुगलने २०१९ मध्ये. माहिती असते, फक्त 'तपशील' नावाच्या किंवा छोट्या 'आय' चिन्हाच्या बटणामागे. ती वाचताना एक चूक हमखास होते. शक्यता १ टक्का असेल तर १०० पेट्यांत वस्तू मिळणारच, असं वाटतं. तसं नाही. १०० पेट्या उघडूनही रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. गेनशिन इम्पॅक्ट या गेममध्ये नवी पात्रं अशीच नशिबाने, एकेका खेपेला एक वस्तू उघडून मिळवायची असतात. त्यात पंचतारांकित, म्हणजे सर्वांत दुर्मीळ, पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे आणि ९० व्या खेपेला ते मिळण्याची हमी आहे. एका खेपेला १६० 'प्रायमोजेम' (गेममधलं चलन) लागतात, म्हणजे हमीपर्यंत पोहोचायला १४,४०० लागू शकतात. त्यानंतरही पहिल्या हमीला तुम्हाला हवं असलेलंच पात्र येईल असं नाही. गेम म्हणून गेनशिन देखणा आहे, फुकट खेळूनही त्यात खूप काही बघायला मिळतं, पण अमुक पात्र हवंच असा हट्ट धरणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

जाहिरातींमध्येही फरक करायला हवा. 'जाहिरात पाहा आणि एक जीव मिळवा' असा सौदा तुमच्या मर्जीचा असतो. खेळताना मध्येच पूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात मर्जीची नसते. गुगल प्लेच्या धोरणानुसार अशी मध्येच उपटलेली जाहिरात १५ सेकंदांनंतरही बंद करता येत नसेल तर ते नियमात बसत नाही. फुली मुद्दाम बारीक ठेवणं, ती दाबल्यावर स्टोअर उघडणं हे प्रकार सर्रास चालतात. असा गेम काढून टाकावा आणि काढण्यापूर्वी स्टोअरवर त्याची तक्रार नोंदवावी. त्याला अर्धं मिनिट लागतं. मर्जीच्या जाहिरातीचा चांगला नमुना पाहायचा असेल तर 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' पाहा : मोबाइलवर फुकट आहे आणि जाहिरात तुम्ही मागितली तरच येते.

गेम उतरवल्यावर पहिली चाचणी विमान मोडची. नेट बंद करून गेम उघडा. उघडला आणि चालला तर लोकलमध्ये, घाटात, कोकण रेल्वेच्या बोगद्यांत तो साथ देईल. एकट्याने खेळायचं साधं कोडं असूनही नेट मागत असेल तर ते बहुधा जाहिरातींसाठी आणि तुमच्या माहितीसाठी. मग सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, त्यात तो गेम, त्यात परवानग्या. सुडोकूला तुमचे कॉन्टॅक्ट, लोकेशन किंवा माइक कशाला हवा? मित्रांशी बोलत खेळायचा गेम असेल तर माइक समजू शकतो. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठीही गेमला आधी विचारावं लागतं. तिथे सरळ नकार द्या. 'तुमचे जीव भरले आहेत' हा रात्री अकराचा निरोप गेमच्या फायद्याचा असतो.

फोनला झेपतो का, हे पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही. चिप थंड असते तोवर सगळं लोण्यासारखं चालतं. ती तापली की फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि मग गेम अडखळायला लागतो. म्हणून सलग २०-२५ मिनिटं खेळून पाहावं, तेही चार्जिंगला न लावता, कारण चार्जिंगची उष्णता वेगळी. अडखळत असेल तर आधी ग्राफिक्स मध्यम किंवा कमी करा, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ६० वरून ३० वर आणा, जाड कव्हर काढा. सावल्या आणि प्रतिबिंबं बंद केल्याने बराच फरक पडतो, चित्र फारसं बिघडत नाही. स्टोअरवर दिसणारा आकारही पुरा नसतो. मोठे गेम पहिल्यांदा उघडल्यावर आणखी बरंच काही उतरवतात, कधी कधी कित्येक जीबी. ६४ जीबीच्या फोनवर असा गेम घेण्यापूर्वी वायफाय आणि मोकळी जागा दोन्ही पाहून घ्या, आणि खरा आकार सेटिंगमधल्या स्टोरेजच्या पानावर तपासा. गर्दीत उभ्याने, एका हाताने खेळायचं असेल तर उभ्या पडद्याचा गेम घ्यावा. आडव्या पडद्याच्या गेममध्ये दोन्ही अंगठे लागतात आणि छोट्या फोनवर निम्मं चित्र अंगठ्यांखालीच जातं.

नावं सांगायची तर पैसे न देता खेळण्याजोगे काही गेम खरोखरच चांगले आहेत. बुद्धिबळासाठी 'लिचेस' : जाहिराती नाहीत, खरेदी नाही, डावाचं संगणकी विश्लेषणही फुकट, सगळं देणग्यांवर चालतं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकल्यापासून मुलांना बुद्धिबळाचं अ‍ॅप सुचवा, असं पालक विचारतात. त्यांनी इथून सुरुवात करावी. सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संग्रह दिसायला अगदी रूक्ष आहे, पण त्यात तीसेकहून जास्त प्रकारची तर्ककोडी आहेत, प्रत्येकाची काठिण्यपातळी बदलता येते आणि नेट लागत नाही. भुयारात उतरून राक्षसांशी लढायचा 'शॅटर्ड पिक्सेल डंजन' अँड्रॉइडवर फुकट आणि जाहिरातमुक्त आहे. सुरुवातीला सारखं मरायला होतं, तसंच अपेक्षित आहे. नवी मुंबईत बनलेला २०१६ चा 'लुडो किंग' जाहिरातींनी भरलेला असला तरी एकाच फोनवर आळीपाळीने, नेट बंद करून घरच्यांसोबत छान खेळता येतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आधी कन्सोलवर आला आणि नंतर काही काळ नेटफ्लिक्सच्या वर्गणीत, म्हणजे वेगळे पैसे न भरता, मोबाइलवरही होता. आपल्याकडच्या कथा आणि वास्तुकलेवर बेतलेला असा गेम मोबाइलवर विरळाच. मात्र वर्गणीतले गेम यादीतून जात-येत असतात, तेव्हा आधी पाहून घ्यावं.

विकतच्या गेममध्ये सुरुवातीला 'मिनी मेट्रो' घ्यावा. पांढऱ्या पडद्यावर गोल, त्रिकोण, चौकोन अशी स्टेशनं उगवतात आणि तुम्ही बोटाने मार्ग आखता. प्रवासीही तसेच आकारांचे. त्रिकोणी प्रवाशाला कुठल्याही त्रिकोणी स्टेशनावर उतरायचं असतं. साध्या स्टेशनावर सहापेक्षा जास्त जण ताटकळले की त्याभोवती काळं वर्तुळ भरू लागतं, ते पूर्ण भरलं की खेळ संपतो. नवखे खेळाडू एकच लांबलचक मार्ग ओढत नेतात, तिथेच फसतात. लहान, वळसा घालून परत येणारे मार्ग आणि प्रत्येक मार्गावर तिन्ही आकारांची सरमिसळ, असं ठेवलं की टिकाव लागतो. यात मुंबईचाही नकाशा आहे. दृष्टिभ्रमाच्या इमारतींतून वाट काढायचा 'मॉन्युमेंट व्हॅली' (२०१४) एका संध्याकाळी संपतो, आणि संपतो हाच त्याचा गुण. 'स्टारड्यू व्हॅली' याच्या उलट, महिनोन् महिने पुरणारा शेतीचा गेम. एकदा पैसे भरले की आत पुन्हा काही विकत नाहीत. लहान पडद्यावर त्यातली अवजारं निवडताना चुका होतात, तेव्हा फोन मोठा असेल तरच मजा. अशा गेममध्ये प्रगती फोनमध्येच साठते का, हे आधी पाहावं. तसं असेल तर गेम काढला की शेतही गेलं.

विकतचा गेम न आवडल्यास ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरकडे परतावा मागता येतो. म्हणून घेतल्याबरोबर खेळून बघा, महिनाभर तसाच ठेवू नका. बहुतेक विकतचे गेम प्ले स्टोअरच्या फॅमिली लायब्ररीतून घरातल्या आणखी पाच जणांना वापरता येतात, पण आतली खरेदी अशी वाटून घेता येत नाही. एका विकतच्या गेमचा खर्च सहा जणांत विभागला की 'फ्री' गेमपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

रमी, फँटसी लीग यांसारख्या पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांबद्दल वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने त्यांना मनाई केली आहे. टेलिग्रामवर कुणी 'बोनस'सह एपीके फाइल (स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवायची फाइल) पाठवली तर उघडू नका, आणि पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. विकतच्या गेमची 'फुकट, सगळं अनलॉक' एपीकेही त्याच पंगतीतली. तिच्यासोबत फोनमध्ये आणखी काय शिरलं, हे सहजासहजी कळत नाही.

महोदय, पुढच्या यादीत प्रत्येक गेमपुढे चार गोष्टी छापाव्यात अशी विनंती आहे : उघडल्यानंतरचा खरा आकार, नेटशिवाय चालतो का, जाहिराती मर्जीच्या की सक्तीच्या, आणि खरेदीची खालची-वरची किंमत. एका ओळीत मावतील.

राहता राहिली मुलांच्या हातातल्या फोनची गोष्ट. वयाचा शिक्का (३+, ७+, १२+ वगैरे) गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून मिळतो. त्यात हिंसा वगैरे मोजली जाते, पैसे उकळण्याची वृत्ती मोजली जात नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीची पडताळणी 'प्रत्येक वेळी' अशी ठेवा आणि मुलाचं बोट त्या फोनच्या फिंगरप्रिंटमध्ये नोंदवू नका. तिथे मासिक बजेट लावायची सोय आहे, पण ती फक्त सूचना देते, खरेदी अडवत नाही. पक्की मर्यादा हवी असेल तर त्या खात्याला कार्ड किंवा यूपीआय जोडूच नका, १०० रुपयांचं गिफ्ट कोड भरा. संपलं की संपलं.

आणि 'तीन दिवस मोफत' म्हणून चालू केलेली वर्गणी. आठवड्याला २९९ रुपये म्हणजे वर्षाला १५,५४८. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतचा पुढचा प्रत्येक हप्ता ओटीपीशिवाय कापला जाऊ शकतो. किमान २४ तास आधी तशी सूचना मात्र पाठवावी लागते. तो एसएमएस न वाचता पुसू नका. गेम फोनमधून काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती थांबवायला प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर टॅप करायचं, पेमेंट आणि सदस्यत्वं, मग सदस्यत्वं, तो गेम निवडून रद्द करायचं. मोफत मुदत संपण्याच्या निदान एक दिवस आधी हे करा. शेवटच्या दिवसावर ठेवाल तर पहिला हप्ता गेलाच म्हणून समजा.

आपला,
गेम टेस्टिंगच्या कामातला एक वाचक,
पुणे